उत्तर यायलंय ना?

मंडळी, चार अंकी कुठलीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले, तर आधी ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या फेरीत ६१७४ येतात. फार तर सात फेऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही गंमत जगापुढे मांडली.

नांदेडला इंजिनिअरिंग शिकताना याच गणिताचा प्रोग्राम लिहिण्याची आमची पैज लागली. माझा मित्र लातूरचा. बारावीला घड्याळ लावून गणितं सोडवलेला. दहा मिनिटांत त्याचं काम झालं. मात्र त्यात 'गो टू'च्या उड्याच उड्या. या ओळीवरून त्या ओळीवर. माझा प्रोग्राम लांब, पण प्रत्येक कामाचा तुकडा वेगळा. तो म्हणाला, "उत्तर यायलंय ना? मग एवढा पसारा कशाला?"

हा वाद जुनाच. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये एका छापील पत्रातून 'गो टू'वर कडाडून टीका केली. अशा उड्यांमुळे प्रोग्राम चालताना कुठे पोचला, याचा माग माणसाला ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९७४ मध्ये अमेरिकेचे डोनाल्ड क्नुथ यांनी दुसरी बाजू मांडली: काही ठिकाणी 'गो टू'च सोयीचा पडतो.

आमच्या सरांनी ना याची बाजू घेतली, ना त्याची. "१००० घालून बघा," एवढंच म्हणाले. दोघांचेही प्रोग्राम अडकले! १००० मधून १ वजा केला की ९९९ उरतात. ते ०९९९ असे धरायला हवेत. आम्ही दोघंही पुढचं शून्य विसरलो होतो. मग ९९९ मधून ९९९ जाऊन हाती शून्य, आणि प्रोग्राम ६१७४ ची वाट बघत फिरतोच आहे.

चूक सापडली ती माझ्या कागदावर, आणि शोधली मित्राने. अंक सुटे करण्याचा तुकडा वेगळा असल्याने त्याचं बोट नेमकं तिथे गेलं. वर त्याने सुनावलंही, "तेच तेच तीनदा कशाला लिहिलास रे?" तेही खरंच होतं.

त्याचा स्वतःचा प्रोग्राम दुरुस्त व्हायला मात्र संध्याकाळ झाली. तेव्हापासून मी काहीही लिहिलं, की आधी शेजारच्याला वाचायला देतो.