‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे नेमकं काय? एका जुन्या खटल्याची गोष्ट

पेपरातलं हे वाक्य तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल : ‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही, व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी विचारतंच, “डॉक्टर, म्हणजे आता प्रकरण दाबणार ना?” विचारणारा बीपी तपासायला आलेला असतो, पण त्याला खरं उत्तर हवं असतं ते याचं.

हा संशय सोलापूरकरांना नवा नाही. सिव्हिलच्या शवागारासमोर जमलेले नातेवाईक, “गुन्हा दाखल झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही” ही घोषणा, गेटवर दोन पोलीस, हे दृश्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. पोलीस पुरावा गायब करतील, रिपोर्ट बदलतील, नमुना बदलतील, ही भीती त्यामागे असते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण पुरावा नेमका कुठे आणि कसा हरवतो, हे एकदा समजून घ्या. बऱ्याचदा तो पोलीस ठाण्यात पोचायच्या आधीच हरवलेला असतो, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा हात असतो.

आधी व्हिसेरा म्हणजे काय ते सांगतो. शवविच्छेदनात विषाचा संशय आला, किंवा उघड कारण सापडलं नाही, तर डॉक्टर जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृताचा तुकडा, मूत्रपिंडाचे तुकडे काढून मिठाच्या दाट द्रावणात बरणीत ठेवतात. रक्त वेगळ्या बाटलीत. बरणीवर लेबल, सही, लाखेचं सील. मग ती पोलिसांच्या ताब्यात जाते आणि शासकीय प्रयोगशाळेत पोचते. तिथून जो अहवाल येतो त्याला आपल्याकडे सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट. तो यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. व्हिसेरा राखून ठेवणं म्हणजे प्रकरण दाबणं नाही. उलट दाबायचं असतं तर राखून ठेवलाच नसता.

पण पुढचा प्रश्न अवघड आहे. रिपोर्टमध्ये ‘विष आढळले नाही’ असं आलं तर? विष दिलंच नव्हतं, असं समजायचं का?

या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर पुण्यातल्या एका खटल्याने दिलं. कायद्याच्या आणि न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. आरोपी डॉक्टर होता, हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या विधवा बाई राहत. घरची परिस्थिती चांगली होती. नवरा १९४५ मध्ये गेला, धाकटा मुलगा १९५४ मध्ये. त्यांना मधुमेह होता आणि क्षयही होऊन गेला होता. उपचार करणारे डॉक्टर होते अनंत चिंतामण लागू, घरोब्यातले आणि पूर्ण विश्वासातले. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचं म्हणून दोघं पुण्याहून रेल्वेने निघाले. पहाटे गाडी मुंबईला पोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टर लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल, म्हणजे जी.टी. रुग्णालयात आणलं आणि नाव सांगितलं ते माहेरचं, इंदुमती. पेशंट गाडीत अचानक बेशुद्ध झाली, असं सांगितलं. त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला दुपार व्हायच्या आत लक्ष्मीबाई गेल्या.

आता नीट वाचा. वॉर्डातल्या डॉक्टरांना मृत्यूचं कारण कळलेलं नव्हतं. शवविच्छेदन व्हावं असं त्यांचं मत होतं. ते रद्द झालं. रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरांच्या पातळीवर कारण ठरलं ‘डायबेटिक कोमा’, आणि कागद पूर्ण झाला.

मधुमेही वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. साखर वाढून येणारा कोमा असा तासाभरात येत नाही. आधी तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात चालणारा श्वास, श्वासाला गोडसर कुजक्या फळासारखा वास, असं कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस चालतं. चालताबोलता माणूस एकाएकी बेशुद्ध पडला तर मधुमेह्यात पहिला संशय साखर कमी झाल्याचा घ्यायचा असतो. हे आज तुमच्या घरातल्या माणसासाठीही तितकंच खरं आहे. पेशंटला मधुमेह आहे, मग मेला तो मधुमेहानेच, हा आमच्या धंद्यातला जुना आळस आहे. मीही त्यातून सुटलोय असा दावा करत नाही.

पुढची गोष्ट अशी की प्रेत न्यायला कुणी आलं नाही. येणार कसं, खऱ्या नात्यागोत्याच्या कुणाला पत्ताच नव्हता. देह बेवारस म्हणून जे.जे.च्या शवागारात गेला, तिथून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजकडे जायची वेळ आली. देहावरच्या एका संशयास्पद खुणेमुळे तो परत फिरला आणि शेवटी २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं. मृत्यूनंतर दहा दिवसांनी! व्हिसेरा तपासला गेला. विष आढळलं नाही.

दरम्यान पुण्यात काय चाललं होतं? लक्ष्मीबाई यात्रेला गेल्या, मग त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आणि तिकडेच संसार थाटला, अशी पत्रं त्यांच्या नावाने ओळखीच्यांना येत होती. त्यांचा पैसा आणि शेअर हळूहळू डॉक्टरांकडे वळत होते. परिचितांना शंका आली, तक्रारी झाल्या आणि १९५८ मध्ये डॉक्टरांना अटक झाली. तोपर्यंत हातात काय होतं? दहा दिवसांच्या देहाचा अहवाल आणि ‘विष आढळले नाही’ हा कागद. गाडीतल्या त्या रात्री नेमकं काय टोचलं किंवा पाजलं गेलं, हे आजतागायत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

तरी पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. न्यायालयाने म्हटलं ते सोप्या भाषेत असं : विष सापडलं नाही एवढ्यावरून विष दिलं नाही असं ठरत नाही. काही विषं सापडत नाहीत, काही वेळ गेल्याने नाहीशी होतात, आणि कोणती सापडत नाहीत हे डॉक्टरला इतरांपेक्षा जास्त माहीत असतं. माहेरचं नाव सांगणं, नातेवाइकांना न कळवणं, मेलेल्या बाईच्या नावाने पत्रं पाठवणं, संपत्ती घेणं, ही सगळी साखळी एकत्र पाहिली गेली. तीनपैकी एका न्यायमूर्तींनी मात्र वेगळं मत नोंदवलं. हा पुरावा खून सिद्ध करायला पुरेसा नाही, असं त्यांना वाटलं. मला तो विरोधी निकाल महत्त्वाचा वाटतो. देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींमध्ये एखाद्याच्या फाशीवरून मतभेद व्हावा, इतका हा पुरावा का पातळ झाला? कारण एक शवविच्छेदन रद्द झालं म्हणून.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. मे १९५७, ब्रॅडफर्ड. केनेथ बार्लो नावाच्या पुरुष नर्सची बायको बाथटबमध्ये मेलेली सापडली. नवरा म्हणाला, मी तिला बाहेर काढायचा, श्वास द्यायचा प्रयत्न केला. आलेल्या पोलिसाला दिसलं की बायकोच्या कोपराच्या खळग्यात पाणी तसंच साचलेलं आहे, आणि नवऱ्याचा पायजमा कोरडा आहे. डॉक्टरला दिसलं की बाहुल्या फार विस्फारल्या आहेत. शवविच्छेदन करणाऱ्यांनी भिंग घेऊन अख्खी त्वचा तपासली आणि नितंबावर सुई टोचल्याच्या खुणा सापडल्या. तिथली ऊती काढून, तिचा अर्क उंदरांना टोचला, तर उंदरांची साखर उतरली. इन्सुलिनने केलेला खून न्यायालयात सिद्ध झालेल्या जगातल्या पहिल्या खटल्यांत त्याची गणना होते. नेहमीच्या व्हिसेरा तपासणीत इन्सुलिन दिसत नाही, हे लक्षात घ्या. तिथे यंत्रं काही जादूची नव्हती. तीन माणसांनी आपापलं काम नीट केलं.

लागूंच्या गाडीत इन्सुलिन होतं, असं मी सुचवत नाही. काय होतं ते तपासायची वेळ निघून गेली होती, एवढंच.

हे सगळं जुनं झालं म्हणाल तर पन्नास वर्षं पुढे या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चौघे, आई, मुलगी आणि दोन मुलगे, मारले गेले. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने करायला हवी ती तपासणी नीट झाली नाही. मग लोकांचा उद्रेक झाला, पुरलेले देह पुन्हा उकरून ५ ऑक्टोबरला दुसरं शवविच्छेदन झालं. पोलीस आणि डॉक्टर दोघांचंही निलंबन झालं, तपास सीबीआयकडे गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. लैंगिक अत्याचाराचा आरोप मात्र न्यायालयात टिकला नाही. अत्याचार झालाच होता, असं अनेकांना ठामपणे वाटतं. न्यायालयाला पुरावा लागतो. आणि पहिल्या दिवशी न घेतलेला स्वॅब सहाव्या दिवशी पुरलेल्या देहातून परत मिळत नाही. या दोन वाक्यांमधल्या फटीत त्या कुटुंबाचं आणि समाजाच्या विश्वासाचं जे नुकसान झालं, ते कुठल्याही निलंबनाने भरून निघालं नाही. भैय्यालाल २०१७ मध्ये गेले.

अशा वेळी डॉक्टर म्हणतात, पोलिसांनी पत्रात विचारलंच नव्हतं. पोलीस म्हणतात, डॉक्टरांनी बघायला हवं होतं. पोलिसांचं पत्र कसंही असो, टेबलावरचा देह काय सांगतो ते बघणं आमचंच काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मे २०२४ मधलं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण तर तुम्हाला आठवत असेलच. तो खुनाचा गुन्हा नव्हता, दोन तरुण जीव मोटारीखाली गेले होते, पण गाजला तो रक्ताचा नमुना. ससूनमध्ये घेतलेला नमुना बदलल्याचा आरोप होऊन तिथल्या डॉक्टरांना अटक झाली. हे उघड कसं झालं? दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण मशीन कितीही महागडं असलं तरी बाटलीवरचं लेबल माणूसच चिकटवतो, हे तेव्हा घराघरात कळलं.

कायदा आता थोडा पुढे सरकलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे, त्याचं चित्रीकरण करायचं आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तेवढी माणसं आणि प्रयोगशाळा उभ्या करायला ती लागेलच.

तोवर तुमच्या हातात काय आहे? संशय असेल तर तो शवविच्छेदनाच्या आधी बोला आणि लेखी द्या. पंचनामा होताना सांगा, की औषधाची बाटली, उलटीचे कपडे, मोबाईल, ताट जिथे आहे तिथेच आहे. आपल्याकडे माणूस गेला की घर लगेच धुऊन काढतात, कपडे जाळतात. संशय असेल तर हे थांबवा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर माहेरच्यांनी मागणी केल्यास शवविच्छेदन टाळता येत नाही. घाईघाईने अंत्यसंस्कार करू नका. दफन केलेला देह निदान उकरता तरी येतो, दहनानंतर काहीच उरत नाही.

आणि आता माझी तुमच्याकडे तक्रार. रात्री अकराला फोन येतो : “डॉक्टर, बाबा झोपेतच गेले, तुमचेच पेशंट होते, सकाळी तेवढा दाखला द्या. पीएम नको, चिरफाड नको.” बहुतेक वेळा मृत्यू नैसर्गिकच असतो, मी जाऊन देह पाहतो आणि दाखला देतो. काही वर्षांपूर्वी एका घरी मला कारण समजेना. बाईंना मी चार महिन्यांत पाहिलेलं नव्हतं, आणि ओठांजवळ एक खूण होती जी मला आवडली नाही. मी दाखला दिला नाही, सिव्हिलला न्यायला सांगितलं. नातेवाईक खूप चिडले, नात्यातल्या दोघांनी मला नको ते ऐकवलं. शवविच्छेदनात कारण हृदयविकाराचंच निघालं. तरीही ते कुटुंब परत माझ्या दवाखान्यात आलं नाही. तसाच फोन आज रात्री आला, तर माझं उत्तर तेच असेल.