ताम्रपट की पोथी?

यंदा दिवाळीची झाडलोट करताना देवघरामागच्या फळीवर कुंकवाची एक जुनी डबी सापडली. उघडून पाहतो तो आत कापसात गुंडाळलेले नखाएवढे काळे कार्ड! मोबाइलचे मेमरी कार्ड. आईने ते जपून ठेवले होते, कारण त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. २०१२ सालच्या दिवाळीत मीच त्या मोबाइलवर मुद्रित केल्या होत्या. पुढे आजी गेली, तो मोबाइलही गेला. कार्ड तेवढे उरले.

ते तळहातावर घेतले आणि मला जवळच्या वाशीमचा ताम्रपट आठवला. वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. तेथून दुसऱ्या विंध्यशक्तीने दिलेले दानपत्र १९३९ साली उजेडात आले. त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. चौथ्या शतकातले ते शब्द सोळाशे वर्षांनंतर वाचता आले. मग आमच्या बारा-तेरा वर्षांच्या कार्डाची काय कथा, असे मला वाटले. पण तो माझा भ्रम होता. आणि तो का, हे कळायला कार्डाची जन्मकथा पाहावी लागते.

ती कथा जपानात सुरू होते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली एका नव्या जातीची स्मृती जगापुढे मांडली. वीज बंद झाली तरी ती विसरत नसे, आणि पुसायची झाली तर मजकुराचा मोठा भाग एकदम पुसला जाई. कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखे हे पुसणे, म्हणून तिचे नाव पडले 'फ्लॅश'. १९८८ साली अमेरिकेत निघालेल्या आणि पुढे सॅनडिस्क या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीच्या संस्थापकांत संजय मेहरोत्रा हे आपल्या कानपूरचे गृहस्थ होते. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तिघांनी १९९९ साली 'एसडी' कार्ड काढले, आणि २००५ साली त्याचे धाकटे भावंड 'मायक्रोएसडी' आले. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११, जाडी अवघी १!

या एवढ्याशा तुकड्यात मजकूर राहतो तरी कसा? आपल्याकडची शेणामातीने लिंपलेली कणगी डोळ्यांपुढे आणावी. कार्डात अशा अब्जावधी सूक्ष्म कणग्या असतात आणि धान्याच्या जागी असतात विजेचे कण. कणगी भरलेली की रिकामी, एवढ्या खुणेवर सारी अक्षरे, चित्रे, सूर उभे. मात्र कण आत-बाहेर करताना ते लिंपणातूनच ढकलावे लागतात. दर वेळी लिंपण थोडे झिजते. आणि न वापरता पडून राहिले तरी वर्षानुवर्षे कण हळूहळू पाझरतात. तांब्यावरचा टाकीचा घाव असा पाझरत नाही!

आमच्या मालेगावात या कार्डाचा एक सुवर्णकाळ होऊन गेला. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानांपुढे गर्दी असे. "भाऊ, भजनं टाकू का शिनेमाचे गाणे?" असे विचारीत दुकानदार संगणकावरून वीस-तीस रुपयांत कार्ड भरून देई. एका जीबीत सुमारे दोनशे गाणी मावत. कुणी भीमगीते नेई, कुणी कव्वाल्या, तांड्यावरची मंडळी बंजारा गीते. हक्काबिक्काचा प्रश्न कुणी काढीत नसे. बनावट कार्डेही येत. वर ३२ जीबी लिहिलेले, पोटात जेमतेम चार. नवे गाणे भरावे तो जुने नाहीसे! पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणी गाठीला बांधून नेण्याची गरज सरली. कित्येक मोबाइलांत तर आता कार्डाची खाचही नसते.

असो. आमचे कार्ड मी एका दुकानात नेऊन संगणकाला जोडले. सात ध्वनिफिती दिसल्या. चार वाजल्या, आजीचा आवाज, मागे जात्याची घरघर. तीन उघडल्याच नाहीत. दोष कुणाला द्यावा? इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांची नक्कल करून ठेवली नव्हती.

मग लक्षात आले, की मेमरी कार्ड हा ताम्रपट नव्हेच. ती पोथी आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीची मूळ प्रत कुणी पाहिली आहे? ती जगली नकलांवर. नकलांत चुका शिरल्या, तेव्हा १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला. कागद जीर्ण होतो, लिहिणारा हात बदलतो, शब्द पुढे जातो. कार्डाचेही तसेच. डबीत जपले तर मुके होते. नकलून वाटले तर बोलत राहते.

चार ओव्यांच्या प्रती त्याच दिवशी भावाकडे आणि बहिणीकडे धाडल्या. उरलेल्या तिघींची हळहळ आईजवळ बोललो. ती करंज्या लाटत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वही घे बाबू. दोन मले येतात, तिसरी अर्धीच येते."

मी वही घेऊन बसलो. तिसरी अर्धीच लिहिली आहे.