तांदूळ, तराजू आणि मितानिन

रायपूरची सहकारी मध्यवर्ती बँक १९१३ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढाकार होता पंडित वामन बळीराम लाखे या मराठी वकिलांचा. रायपूरच्या मराठी मंडळींना हे नाव परिचित आहे, तेथे त्यांच्या नावाची शाळाही आहे; परंतु दूरदेशी राहणाऱ्या आपल्या वाचकांना ते ठाऊक असेलच असे नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, त्यामागेही लाखे उभे होते. १८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा झाले, त्यासोबत रायपूर इंग्रजांकडे गेले, आणि पुढे १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चालला. तेव्हा तेथील भुकेचा इतिहास हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून निघाला होता. त्यानंतरच्या पिढीतील लाखे यांच्यासारख्या माणसांनी सहकाराचा मार्ग धरला यात नवल नाही. १९४५ साली बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी काढण्यातही तेच होते.

भाताच्या या प्रदेशाला 'धान का कटोरा' म्हणतात. कटोरा भरलेला आणि मूल मात्र अशक्त, हे कोडे प्रशासनाला शंभर वर्षे सुटलेले नाही. माझ्या मते त्याचे एक कारण आपल्या प्रशिक्षणाच्या पद्धतीत दडलेले आहे. आपण माणसे खात्यांसाठी घडवली. घरातले मूल कोणत्याच एका खात्याचे नसते.

स्वतंत्र भारताने सुरुवात योग्य केली होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक हा बहुउद्देशीय कर्मचारी गावात आला. शेती, पशुपालन, स्वच्छता, सहकार या सर्वांचे थोडे थोडे ज्ञान त्याला द्यावयाचे, अशी कल्पना होती. १९६० च्या दशकात युनिसेफ, जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने 'अप्लाइड न्यूट्रिशन प्रोग्रॅम' देशभर पसरला. परसबागा, कोंबड्या, मत्स्यतळी, महिला मंडळे, आणि हे सर्व चालवणाऱ्या गट पातळीवरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. आज ज्याला आपण 'बहुक्षेत्रीय पोषण' म्हणतो, ते सर्व त्यात होते. तरीही अंडी आणि भाजी अनेकदा बाजारात गेली, मुलाच्या ताटात आली नाहीत. पिकवायला शिकवणे सोपे असते. कोणी, केव्हा, किती खावे हे घरात ठरते, आणि त्या घरापर्यंत जाणारे कोणी नव्हते.

पुढचे वळण उलट दिशेचे होते. १९७४ मध्ये राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ लाभक्षेत्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने 'प्रशिक्षण व भेट' पद्धत आली. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाची ही कल्पना. विस्तार कर्मचाऱ्याने फक्त शेतीच करावी, त्याला ठरावीक मुदतीने प्रशिक्षण मिळावे आणि त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्याकडे जावे. शिस्तीच्या दृष्टीने ती उत्तम होती, उत्पादनही वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. पण बहुउद्देशीय ग्रामसेवक त्यात संपला. लगेच पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सेविका आली. तिचे प्रशिक्षण वेगळे, तिच्या नोंदवह्या वेगळ्या, तिचे वरिष्ठ वेगळे. दाई आरोग्य खात्याची, धान्य पुरवठा खात्याचे, बियाणे कृषी खात्याचे. 'एकात्मिक' हा शब्द योजनेच्या नावात राहिला.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा हा सारा वारसा त्याच्याकडे आला. नव्या राज्याजवळ डॉक्टर कमी, परिचारिका कमी, आणि वस्त्या मात्र पन्नास हजारांवर. २००२ मध्ये रायपूरला राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले, डॉ. टी. सुंदररामन हे त्याचे पहिल्या काही वर्षांतील संचालक. त्यांच्या काळात मितानिन कार्यक्रम उभा राहिला. छत्तीसगडी समाजात दोन व्यक्ती विधिपूर्वक एकमेकांचे 'मितान' होतात आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतके पाळले जाते. त्याचेच स्त्रीरूप मितानिन. शासकीय योजनेला इतके नेमके नाव मिळाल्याची दुसरी उदाहरणे मला फारशी आठवत नाहीत.

महत्त्वाचे निर्णय तीन होते. निवड गावाने न करता पाड्याने करावयाची, म्हणजे वरच्या आळीतील बाई खालच्या आळीवर लादली जाणार नाही. अक्षरओळख नसलेली स्त्रीही चालेल. शिकवताना चित्रे, गोष्टी आणि चर्चा यांवर भर. आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय म्हणजे प्रशिक्षण एकदाच देऊन थांबावयाचे नाही. थोड्या दिवसांची निवासी सत्रे, मग पाड्यात काम, मग पुन्हा सत्र, असे वर्षानुवर्षे. सुमारे वीस मितानिनींमागे एक प्रशिक्षक, तीही बहुधा त्याच भागातील स्त्री, जी त्यांच्यासोबत घरोघर जाते. सुमारे साठ हजार मितानिनी अशा तयार झाल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली, तिच्यामागे हा अनुभव होता. आशाच्या पुढील प्रशिक्षण पुस्तिकांत आपल्या गडचिरोलीच्या 'सर्च'चे घरोघरी नवजात बालसेवेचे ज्ञानही मिसळले. गडचिरोली आणि छत्तीसगड यांची सीमा लागून आहे, हे नकाशा न पाहणाऱ्यांसाठी सांगितले.

मितानिनीला पोषणाचे जे शिकवले जाते, ते ऐकायला अगदी साधे आहे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. त्यानंतर घरातलेच जेवण, पण मऊ करून आणि वरून थोडे तेल घालून. कारण मुलाचे पोट लहान, भात फुगीर, पोट भरते पण ताकद पुरत नाही. दिवसातून अनेक वेळा भरवावे. येथेच प्रश्न उभा राहतो. आई रोवणीला गेली तर भरवणार कोण? हा प्रश्न आरोग्याचा की महिला-बालविकासाचा की रोजगाराचा? २०१२ मध्ये सरगुजा जिल्ह्यात त्याचे उत्तर 'फुलवारी'त शोधले गेले. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आया पाळीपाळीने सांभाळतात, ताजे अन्न देतात, मितानिन आणि ग्रामपंचायत पाठीशी असतात. शिकलेली गोष्ट अमलात आणायला जागा मिळाली.

दुसरीकडे धान्याचा रस्ता सुधारत होता. २००४ च्या आदेशाने स्वस्त धान्य दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचतगटांकडे सोपवली गेली. धान्य दुकानापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी शासनाने घेतली, मालमोटारी पिवळ्या रंगवल्या, म्हणजे वाट चुकलेली मोटार कुणालाही ओळखू यावी. क्विंटलमागे ८ रुपये असलेले कमिशन ३० रुपये केले. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण प्रामाणिकपणाची अपेक्षा करताना त्याचा खर्च आपण बहुधा विसरतो. ज्या बायकांनी कधी साठानोंदवही पाहिली नव्हती, त्या तराजू, पावती आणि शिल्लक शिकल्या. डिसेंबर २०१२ मध्ये विधानसभेने छत्तीसगड अन्न व पोषण सुरक्षा कायदा संमत केला, केंद्राच्या कायद्याच्या काही महिने आधी. त्यात तांदळासोबत डाळ किंवा हरभरा आणि आयोडीनयुक्त मीठ होते, आणि शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून स्त्रीचे नाव.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील खुरटलेली मुले २००५-०६ मध्ये सुमारे ५३ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३७.६ आणि २०१९-२१ मध्ये ३४.६ टक्के. पहिल्या दहा वर्षांतील घट कोणत्याही राज्याने अभिमान बाळगावा अशी, पुढची मंद. आणि लहान मुलांतील रक्तक्षय ४१.६ वरून ६७.२ टक्क्यांवर गेलेला, स्त्रियांमधील ४७ वरून ६०.८ वर. मोजणीच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, ते बाजूला ठेवले तरी चित्र सुखद नाही. तांदळाने भूक हटवली. लोह, डाळ, अंडे, हिरवी भाजी यांचा प्रश्न उरला, आणि तो पुन्हा कृषी, आरोग्य, शिक्षण अशा अनेक दारांत विभागला गेला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने जस्तयुक्त तांदळाचे वाण काढले, ते चांगलेच झाले. पण शेतकऱ्याला ते अधिक उतारा देणारे म्हणून सांगायचे की मुलाच्या वाढीसाठी, हे कृषी सहायकाला कोणत्या वर्गात शिकवले जाते?

२०१८ च्या पोषण अभियानाने अंगणवाडी सेविकांसाठी २१ भागांचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण आणले. दरमहा थोडे शिकावे, महिनाभर करावे, मग पुढचे घ्यावे, ही पद्धत मितानिनींच्या पद्धतीच्या जवळची आहे. उणीव एवढीच की वर्गात बसते ती बहुतेक एकाच खात्याची माणसे. रायपूरजवळ निमोऱ्याला पंचायत व ग्रामविकासाची संस्था आहे, ठाकूर प्यारेलाल यांच्या नावाची, जे स्वतः लाखे यांच्याप्रमाणे सहकारातले. पंचांचे प्रशिक्षण हे त्या संस्थेचे काम. एका सत्रात पंच, रेशन दुकान चालवणारी बचतगटाची बाई, अंगणवाडी सेविका, मितानिन आणि कृषी विस्तार अधिकारी यांना एकत्र बसवून एकाच पाड्यातील वीस मुलांची यादी त्यांच्यासमोर ठेवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त पाच खात्यांच्या प्रवासभत्त्याचा एक आदेश लागतो. पाड्यातील आरोग्य समितीच्या मासिक बैठकीत हे लहान प्रमाणात घडतेच: हातपंप, रेशन, अंगणवाडी, वजन घटलेले मूल, हे विषय तेथे एकाच चटईवर येतात.