अस्सल रस्सा कोणता?

कोंबडीच्या रश्शाविषयीं वाद निघाला म्हणजे 'अस्सल' हा शब्द फार लवकर पुढें येतो. कोल्हापूरकर तांबड्या रश्शाची शपथ घेतात, मालवणकर नारळाच्या वाटपावांचून रस्सा मानावयास तयार नसतात, आणि गोव्याच्या शागोतीचा अभिमानी या दोघांकडेहि दयेनें पाहतो. मात्र परदेशीं राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहिणीनें भाजक्या खोबऱ्याच्या अभावीं डब्यांतील नारळाचें दूध वापरलें, तर तिचा रस्सा नकली ठरविण्यास हे तिघेहि एक होतात! हा निवाडा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांस निषिद्ध म्हणून जे पदार्थ सांगितले आहेत, त्यांत लसूण, कांदा आणि गांवांत वाढलेला कोंबडा हे तिन्ही आहेत. आपला रस्सा तर या तिघांचाच संगम! तेव्हां शुद्धतेचा आधार तेथें शोधूं जाल, तर कृति सांपडणार नाहीं, निषेध मात्र सांपडेल.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला, सुमारें ११२९ सालचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ मांसपाकाचें वर्णन मोठ्या रसिकतेनें करतो. त्यांत हिंग, आलें, मिरें आहेत, मिरची नाहीं. ती असणार कोठून? ती मूळची अमेरिकेंतील. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. आणि त्यांच्या व्यापाराबरोबर ही पाहुणी पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तिचें नांवच तिचा दाखला देतें: तिखटपणा मिऱ्यासारखा, म्हणून 'मिरची'. मिऱ्याच्या वेलास दमट हवा लागते. मिरची कोरड्या मुलखांतल्या साध्या शेतांतहि पिकते. त्यामुळें तिखटाची चैन गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचली.

आतां दुसऱ्या टोंकास पाहूं. हॅना ग्लास या इंग्रज बाईनें १७४७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकांत हिंदुस्थानी पद्धतीच्या 'करी'ची कृति आहे: कोंबडीचे तुकडे, कांदे, भाजलेले धने, तीस मिरीं आणि चमचाभर तांदूळ. हळद व आलें पुढील आवृत्त्यांत आलीं. आपण तिला हंसूं. पण मिरचीविना मांस शिजविण्यापुरती ती बाई सोमेश्वराला आपणांहून जवळची ठरते.

मग अस्सलपणा हा केवळ भ्रम काय? तसें नव्हे. रस्सा सामग्रीनें अस्सल होत नाहीं, तो हातोटीनें होतो. कांदा व खोबरें करपूं न देतां काळसर होईपर्यंत भाजणें, वाटण बारीक करणें, तेल सुटेपर्यंत परतणें, आणि मगच त्यांत गरम पाणी घालणें, हें शिक्षण आईच्या शेजारीं उभें राहून मिळतें. मिरची या हातोटीच्या स्वाधीन झाली, म्हणून ती आपली झाली. परदेशांतील ती गृहिणी जोंपर्यंत तेल सुटण्याची वाट पाहते आहे, तोंपर्यंत ती परंपरेंतच आहे. आणि प्रत्यक्ष कोल्हापुरांत राहून तयार भुकटी उकळत्या पाण्यांत ढवळणारा केवळ गांवाच्या नांवावर जगतो आहे.

सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मिरचीस ज्यांच्या पूर्वजांनीं स्वयंपाकघरांत घेतलें, त्यांनीं डब्यांतल्या नारळाच्या दुधास दारांत उभें करून त्याची जात विचारूं नये.