रामनवमी आणि एक एप्रिल

२०१२ सालची रामनवमी रविवारी आली होती. सकाळी आमच्या नाशिकच्या घरी रेडिओ लागलेला होता आणि 'गीतरामायणा'विषयी निवेदन चालू होते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या मालिकेचे पहिले गीत पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस प्रक्षेपित झाले, असे निवेदकाने सांगितले. घरातील एका चिरंजीवांनी भिंतीवरील कॅलेंडराकडे पाहिले आणि ते मोठ्याने हसले. त्या दिवशीही १ एप्रिलच होता! "म्हणजे तेव्हाही एप्रिल फूल आणि आजही," असा शेरा त्यांनी मारला. घरातील वडीलधाऱ्यांस तो रुचला नाही. आम्हांस मात्र त्यात हसण्याबरोबर मोजण्यासारखेही काही दिसले.

खरे पाहता यात नवल फारसे नाही. चांद्रमास आणि सौरवर्ष यांची गाठ सुमारे १९ वर्षांनी पुन्हा जुळते. १९ सौरवर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. १९५५ ते २०१२ ही ५७ वर्षे, म्हणजे अशी तीन आवर्तने. तिथी आणि तारीख दोन्ही परत भेटल्या त्या योगायोगाने नव्हे, हिशेबाने. १९५५ साली भाद्रपद अधिक होता, तसा तो २०१२ सालीही होता.

या अधिक मासाचा 'गीतरामायणा'शी निकटचा संबंध आहे. मूळ योजना ५२ गीतांची होती, अधिक मास आल्याने ती ५६ झाली, असे नेहमी सांगितले जाते. महिना म्हणजे चार आठवडे, म्हणून चार गीते वाढली, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. आम्ही त्या दुपारी पंचांग आणि कागद घेऊन बसलो. नवे गीत दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊ वाजता लागे व शनिवारी, रविवारी पुन्हा ऐकविले जाई. १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता. अधिक मास नसता तर पुढील रामनवमी सुमारे ३५४ दिवसांनी आली असती. तोवर ५१ शुक्रवार, आणि सांगतेची रामनवमी धरून ५२. अधिक मासामुळे ती ३८४ दिवसांनी, १९ एप्रिल १९५६ रोजी आली. तोवर ५५ शुक्रवार होतात आणि समारोपाचा दिवस ५६वा. तो मात्र गुरुवार होता. वाराचा नेम शेवटच्या गीतासाठी मोडला, तिथीचा मोडला नाही.

आरंभदेखील सुरळीत झाला नव्हता. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, तेव्हा केंद्राचे सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना खोलीत कोंडले आणि त्यांनी थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून दिले, अशी आख्यायिका आहे. एक एप्रिलच्या कार्यक्रमास ती शोभते.

नाशिककरांस या कथेचे अप्रूप अधिक, कारण कथेतला मोठा भाग आपल्याच गावी घडला अशी येथली श्रद्धा. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा ही आमच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणे. शूर्पणखेच्या नासिकेवरून गावाचे नाव पडले असे एक मत, नऊ शिखरांवरून पडले असे दुसरे. रिक्षावाले पहिलेच सांगतात.

तथापि नाशिकच्या रामनवमीची आठवण काढताना काळाराम मंदिराचा दरवाजा टाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या दरवाजाशी सत्याग्रह सुरू झाला. त्या एप्रिलमध्ये रामाच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, मंदिर मात्र उघडले नाही. लढा मागेपुढे होत पाच वर्षे चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. 'गीतरामायणा'ची सांगता १९५६च्या एप्रिलात झाली. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरास नागपुरात धर्मांतर झाले. या दोन घटनांत कार्यकारण मुळीच नाही. पण त्या एका वर्षात महाराष्ट्रातील काही घरे रामकथेसाठी घड्याळ लावून बसत होती आणि काही घरे तिच्याकडे पाठ फिरविण्याच्या तयारीत होती, हे एकाच कॅलेंडरावर वाचता येते.

आकाशवाणीच्या लहरींना दरवाजा नसतो, असे त्या सकाळी आमच्यापैकी एकाने म्हटले. ऐकावयास ते बरे वाटते. परंतु तेव्हा रेडिओ महाग होता, त्यास परवाना लागे आणि तो माजघराच्या फळीवर असे. लहर सर्वांच्या डोक्यावरून जाई, आवाज फळीपाशी निघे. आमचे वडीलधारे 'गीतरामायणा'च्या आठवणी सांगत, त्यांत ओसरीवर कोण कोण जमे, कोणी उदबत्ती लावी, कोणाचे डोळे भरून येत, हे सर्व असे. अंगणाबाहेर कोण थांबे, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही ते वेळेवर विचारले नाही. आता विचारावयास त्यांच्यापैकी कोणी उरलेले नाही.

चिरंजीवांनी पुढचा १ एप्रिल मोजून ठेवला आहे: २०३१. त्या दिवशी रेडिओ लावायचा, असे ठरले आहे. आणि निवेदकाने सर्व ५६ गीते शुक्रवारीच लागली असे म्हटले, तर त्यास गुरुवारची आठवण करून देणारे पत्र आम्ही आतापासून लिहून ठेवले आहे.