नदी, वीज आणि खत : टेनेसीच्या खोऱ्याची कथा

अमेरिकेच्या आग्नेय भागांतील टेनेसी नदीचा मार्ग नकाशावर पाहिला म्हणजे नवल वाटतें. नॉक्सव्हिल शहरापाशीं दोन नद्यांच्या संगमांतून ती निघते, नैर्ऋत्येस वाहत अलाबामा संस्थानांत शिरते, आणि तेथून उत्तरेकडे वळून पड्यूका येथें ओहायओ नदीस मिळते. लांबी सुमारें ६५० मैल. एवढी मोठी नदी. परंतु वाटेंत मसल शोल्स नांवाचा खडकाळ टप्पा आडवा आलेला. तेथें ३७ मैलांत पाणी सुमारें १३० फूट खालीं उतरतें. हा टप्पा टाळण्यासाठीं १८३४ पर्यंत आगगाडीचा रस्ता झाला, पुढें १८९० सालीं कालवा झाला. दोहोंनीं नावाड्यांची अडचण हलकी झाली, पण गेली नाहीं.

ज्या उतारावर नावा फुटत, त्याच उतारांत विजेचें सामर्थ्य दडलेलें होतें. त्याचा उपयोग करण्याची निकड मात्र लढाईनें उत्पन्न केली. बंदुकीच्या दारूला काय आणि शेताच्या खताला काय, नत्र लागतेंच. आणि अमेरिका त्यासाठीं चिली देशांतील सोऱ्यावर अवलंबून असे. समुद्रमार्ग तुटला तर काय, या चिंतेनें १९१६ सालीं काँग्रेसनें कायदा करून सरकारी कारखान्यांस मंजुरी दिली, आणि अध्यक्ष विल्सन यांनीं मसल शोल्सची जागा पसंत केली. तेथील मोठ्या कारखान्याची रीत अशी : विजेच्या भट्टींत चुना व कोक तापवून कार्बाइड करावयाचें, आणि त्या तप्त कार्बाइडवर हवेंतून वेगळा केलेला नत्रवायु सोडावयाचा. या रीतीस वीज अपार लागते, म्हणूनच धरण. पण दैवाची थट्टा अशी कीं, कारखाना सिद्ध होतो न होतो तोंच १९१८ च्या नोव्हेंबरांत लढाई थांबली, आणि विल्सन धरण पुरें झालें तें १९२४ सालीं.

आतां या मिळकतीचें करावयाचें काय? १९२१ सालीं हेन्री फोर्ड यांनीं देकार पाठविला. कारखाने आपणांस पन्नास लाख डॉलरांस विकावेत, धरणाचा पट्टा शंभर वर्षांचा द्यावा, म्हणजे आपण स्वस्त खत करून देऊं, असा त्याचा आशय होता. सरकारचे तेथें कोट्यवधि डॉलर पडले होते हें ध्यानांत घेतलें म्हणजे सौदा कोणाच्या फायद्याचा होता तें कळतें. तरी लोक भारले गेले. नदीकांठीं ७५ मैल लांबीचें शहर उभें राहणार, या वार्तेनें दूरदूरच्या माणसांनीं तेथील जमिनीचे तुकडे न पाहतांच विकत घेतले. देकार अडवून धरला तो नेब्रास्काचे सेनेटर जॉर्ज नॉरिस यांनीं. त्यांच्या प्रांताचा टेनेसीशीं काडीचाहि संबंध नव्हता. पण राष्ट्राची नदी एका धनिकाच्या हातीं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा हट्ट होता. १९२४ सालीं फोर्ड यांनीं देकार मागें घेतला. नॉरिस यांची स्वतःची योजना मात्र काँग्रेसनें दोनदां मंजूर करूनहि कूलिज व हूव्हर या दोघां अध्यक्षांच्या नकारानें पडली. इकडे खोऱ्यांतील शंभर शेतांपैकीं जेमतेम तीन शेतांवर वीज पोंचली होती.

अखेर १८ मे १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं टेनेसी खोरें प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली. पूर, नौकानयन, वीज आणि खत हीं सर्व कामें एकाच संस्थेकडे आलीं. हें एकीकरण कागदावर सोपें दिसतें. पूर अडवावयाचा तर जलाशय रिकामा ठेवावा लागतो. वीज हवी तर तो भरलेला पाहिजे. आणि नौकांना पाण्याची पातळी फार बदललेली चालत नाहीं. यांचा मेळ घालणें हीच खरी विद्या, आणि कायद्यानें त्यांत नौकानयन व पूरनिवारण यांस पहिला मान देऊन विजेस दुसरा दिला.

मसल शोल्सच्या कारखान्यांत आतां नत्राऐवजीं टेनेसींतील फॉस्फेटचा दगड विजेच्या भट्टींत वितळवून खत होऊं लागलें, आणि तें धूप लागलेल्या शेतांवर प्रथम प्रयोगादाखल घातलें गेलें. खासगी वीज-कंपन्यांनीं कज्जे केले. ते १९३९ पर्यंत चालून बहुतेक मिटले. पड्यूकाजवळील केंटकी धरण झाल्यावर १९४५ सालीं नॉक्सव्हिलपर्यंत नऊ फूट खोलीचा जलमार्ग अखंड झाला. मसल शोल्सचे खडक पाण्याखालीं गेले. केंटकी धरणाच्या पायथ्याशीं काल्व्हर्ट सिटी येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली, कारण वीज शेजारीं आणि बंदर दारांत. पुढें १९५५ च्या सुमारास त्या संस्थेची निम्म्याहून अधिक वीज कोळशावर होऊं लागली, आणि तो कोळसाहि पुष्कळसा याच नदीनें तराफ्यांवरून येऊं लागला.

याची किंमत कोणी भरली? एकट्या नॉरिस धरणासाठीं सुमारें तीन हजार कुटुंबें उठलीं, आणि पांच हजारांवर थडगीं उकरून दुसरीकडे नेण्यांत आलीं. जमीनमालकांस पैसे मिळाले. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांस जमिनीचा मोबदला मिळणार तरी कशाचा?

हिंदुस्थानांत हा धडा गिरविला गेला तो दामोदर नदीवर. १९४३ च्या पुरानें कलकत्त्याची आगगाडीची वाट तुटली. टेनेसीच्या कामावरून आलेले अभियंते वूर्डुइन यांनीं आराखडा केला, आणि व्हाइसरॉयच्या मंडळांतील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४५ सालीं बंगाल व बिहारच्या प्रतिनिधींस एकत्र बसवून ही योजना पुढें रेटली. ७ जुलै १९४८ रोजीं दामोदर खोरें निगम स्थापन झाला. धरणें झालीं, वीज झाली, नदीकांठच्या सिंद्री येथें १९५१ सालीं खताचा सरकारी कारखानाहि चालू झाला. परंतु आराखड्यांतील आठ धरणांपैकीं पहिल्या हप्त्यांत चारच बांधलीं गेलीं. दुर्गापूरहून हुगळीपर्यंत नौकांसाठीं दारांचा कालवा खणला, तरी राणीगंजचा कोळसा आगगाडीनेंच जात राहिला, आणि कालव्याचें पाणी शेतांस गेलें.