शेजारी कोण? : गोगलगायीचा एक खटला

अपकृत्याचा कायदा हा विषय निघाला की साहित्याचा अभ्यासक बहुधा पान उलटतो. करार नसतानाही एकाच्या हयगयीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाई कोणी द्यावी, हा या कायद्याचा गाभा. त्यातील एक अतिशय प्रसिद्ध निकाल एका दृष्टान्ताच्या वाचनातून घडला आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

२६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेस्ली येथे मे डोनोह्यू एका कॅफेत गेल्या. सोबतच्या व्यक्तीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटलीची काच अपारदर्शक होती. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना आतून कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलो, असे बाईंचे म्हणणे. त्यांनी उत्पादक डेव्हिड स्टीव्हन्सन यांच्याकडे ५०० पौंडांची भरपाई मागितली. अडचण अशी की, पैसे दुसऱ्याने दिलेले. बाईंचा कोणाशीच करार नव्हता. आणि कराराबाहेरच्या ग्राहकाला उत्पादक सहसा बांधील नसे.

निर्धन पक्षकार म्हणून बाईंना हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर दाद मागता आली. २६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. लॉर्ड ॲटकिन यांनी आधार घेतला तो लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या कथेचा. तिथे एक शास्त्री येशूला विचारतो की, माझा शेजारी कोण? ॲटकिन यांनी हा प्रश्न जसाच्या तसा उचलला. उत्तर मात्र आवळून घेतले. माझ्या कृतीची झळ ज्याला थेट पोहोचेल, हे मला आधीच ध्यानात यायला हवे, तो माझा शेजारी. आणि त्याला इजा होऊ नये एवढी काळजी घेणे हे माझे कर्तव्य.

इथे साहित्याच्या वाचकाने थबकावे. मूळ कथेत जखमी वाटसरूला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. दोष त्यांचा आहे. परंतु इंग्लिश परंपरेच्या कायद्यात, काही विशेष नाते नसेल तर, त्या दोघांवर सहसा कोणतेही दायित्व येत नाही. कारण जखम त्यांनी केलेली नाही. मराठीत शेजारधर्म असा जोडशब्द आहे. कायद्याने त्यातील शेजार विस्तारला, अनोळखी ग्राहकापर्यंत नेला. धर्म मात्र इजा न करण्यापुरताच ठेवला.

आणखी एक गोष्ट. ती गोगलगाय कधीच सिद्ध झाली नाही. बाईंची हकीकत खरी मानली तर दावा उभा राहतो का, एवढाच प्रश्न लॉर्डांपुढे होता. पुढे साक्षीपुराव्याआधीच तडजोड झाली. भारतातही अपकृत्यांची एकत्रित संहिता नाही. हा कायदा मुख्यतः निकालांमधून वाढला. म्हणजे खरी धरून चाललेली एक कथा आणि तिच्या आधारे वाचलेली दुसरी, यांवर आजही कितीतरी जखमींची भरपाई अवलंबून आहे. अशा वाचनाची जबाबदारी केवळ वकिलांवर सोपवून आपण मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही.